मौनाचा सोमवार

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सिरसाळ्यात ज्या एका बाईला बोलायची खरीखुरी गरज पडली, नेमकी तिलाच त्या दिवशी बोलायची बंदी होती. आता याला काय म्हणावं? नशीब म्हणावं, तर नशिबाला इतकी वात्रट चेष्टा सुचते तरी कुठून?

बाईचं नाव शिवकन्या. नवरा विरुपाक्ष, त्याला गाव आप्पा म्हणायचं. पुढच्या खोलीत पेंड-सरकीचं दुकान, मागं राहतं घर, आणि मधल्या दारात खाट टाकून बसलेली सासू बसम्मा. खाटेवरून तिला दुकानही दिसायचं आणि स्वयंपाकघरही, त्यामुळं घरातलं काहीच तिच्या नजरेतून सुटत नसे.

या घराची एक रीत होती. घरात कुणाचं मोठं काम अडलं की घरातल्या एका माणसानं श्रावणातले सगळे सोमवार मौन धरायचं. सकाळची लिंगपूजा झाली की तोंड बंद, संध्याकाळची पूजा झाली की मोकळं. मधे शब्द नाही, हुंकार नाही. बसम्मानं त्यात आपल्या पदरचे दोन नियम घातले होते. एक, लिहायचंही नाही, कारण लिहिलं म्हणजे बोलल्यासारखंच. दुसरा, मौन मोडलंच तर ज्याच्यामुळं मोडलं त्यानं ते पुरं करायचं. हा दुसरा नियम ती दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी कुणी तो मनावर घ्यायचं नाही. मौन धरायच्या त्या घरातल्या बायकाच, आणि त्यांनी ते आजवर कधी मोडलं नव्हतं.

यंदाचं काम रुचिकाचं होतं. बारावीला लेकीनं मार्क चांगले पाडले होते आणि तिला फार्मसीला जायचं होतं. प्रवेशाच्या फेरीसाठी धाकटा दीर योगीराज तिला घेऊन औरंगाबादला गेला होता. कोणत्या कॉलेजात नंबर लागतो ते आज कळणार होतं. कळलं की उद्याच्या उद्या त्या कॉलेजाच्या नावानं फीचा डीडी काढायचा, नाहीतर जागा पुढच्या पोरीला. शिवकन्येनं तीन आठवडे आधीच मौन मानून घेतलं होतं आणि पहिले दोन सोमवार अगदी कडक पाळले होते.

फीचे पैसे तिचे होते, हे इथं सांगितलंच पाहिजे. चौसाळ्याला तिच्या माहेरची जमीन रस्त्याच्या रुंदीकरणात गेली, तेव्हा विश्वेश्वरनं, तिच्या भावानं, बहिणीचा वाटा तिनं न मागता तिच्या ओटीत घातला. "पोरीला शिकव," एवढंच म्हणाला. पैसे बँकेत शिवकन्येच्या नावानं ठेवले. खातं तिचं, सही तिची, एटीएम कार्डावर इंग्रजीत नाव तिचं. कार्ड मात्र विरुपाक्षच्या सदऱ्याच्या खिशात आणि खात्याला लावलेला मोबाइल नंबरही त्याचाच. तिनं एकदा कार्ड मागितलं होतं, तर म्हणाला होता, "तुला काय करायचंय त्येचं? हरवून बसशील." ठेव नुकतीच मोडून पैसे साध्या खात्यात आणून ठेवले होते, ऐनवेळी हाताशी असावेत म्हणून.

या ठेवीच्या व्याजातून बँकेनं मागं एकदा कर कापला होता. रक्कम किरकोळ, पण विरुपाक्षच्या पोटात तो गोळा बसला तो बसलाच. गिऱ्हाईक आलं की पेंड मोजता मोजता तो त्याला हे रडगाणं ऐकवायचा. साऱ्या सरकारनं मिळून आपल्या एकट्यालाच लुबाडलं अशी त्याची पक्की समजूत होती.

तर सोमवारी दुपारी शिवकन्या नैवेद्याची डाळ निवडत बसली होती आणि विरुपाक्ष दुकानातून मोबाइल नाचवत आत आला.

"आलं बघ! म्हनलो न्हवतो मी? माझे पैसे बुडनार न्हाईत! इन्कम टॅक्सवाल्यांचा मेसेज हाय!"

मेसेज इंग्रजीत होता. दहावीपर्यंतच्या इंग्रजीच्या बळावर त्यानं अक्षराअक्षरावर अंगठा ठेवत मोठ्यानं अर्थ लावला. अठरा हजार चारशे साठ रुपयांचा परतावा मंजूर. आज संध्याकाळच्या आत दिलेल्या नंबरवर फोन करावा, एटीएम कार्ड हाताशी ठेवावं, नाहीतर रक्कम सरकारजमा होईल.

"कापले हुते त्याच्यापेक्षा लई जास्त देयलेत. व्याज धरलं असंल. देवमानूस हाय कुनीतरी तिथं," तो म्हणाला.

शिवकन्येचा हात डाळीतच थांबला. हा मेसेज तिला पाठ होता. राखीला ती चौसाळ्याला गेली होती, तेव्हा विश्वेश्वरनं तिला मागल्या अंगणात नेऊन हळू आवाजात हेच सगळं सांगितलं होतं. त्यालाही असाच परतावा मंजूर झाला होता, फक्त आकडा वेगळा. त्यानं फोन केला, कार्डावरचा नंबर सांगितला, मागचे तीन आकडे सांगितले, आणि मग मोबाइलवर आलेला गुप्त नंबरही सांगून टाकला. तो बँकेत पोचेपर्यंत खातं झाडून रिकामं झालं होतं. लाजेनं त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. "ताई, ध्यानात ठेव," तो म्हणाला होता, "खरा परतावा असला तर त्यो आपसूक खात्यात जमा हुतो, न्हाईतर चेक येतो. आन त्याच्याआधी आपल्याला कागद भरून सही करून मागावा लागतो. फोनवर कार्डाचा नंबर कुनी विचारला, आजच्या आज सांगा म्हनून घाई केली, की समजायचं चोर हाय."

तिनं ध्यानात ठेवलं होतं. नुसतं ठेवलं नव्हतं, त्याच संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला जेवताना शब्द न शब्द सांगितलं होतं. त्यानं आमटी ओरपत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझा भाऊ पहिल्यापास्नंच बावळट. आन चटनी कुठं ठिवली?"

आणि आता तोच माणूस मोबाइल छातीशी धरून उभा होता. शिवकन्येनं परताव्यासाठी कुठल्या कागदावर सही केली होती? कुठल्याच नाही. मग तिच्या खात्यावरचा कर कुणी न मागता परत द्यायला निघालं होतं? एवढं साधं त्याच्या डोक्यात का शिरू नये, या विचारानं तिचा जीव नुसता तडफडला. तिनं दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"काय न्हाई? चहा न्हाई? अगं, तुला कोन देयलंय चहा, उपास हाय तुझा."

तिनं मोबाइलकडं बोट दाखवलं आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. गळा कापणारा आहे तो, असं तिला म्हणायचं होतं. विरुपाक्षनं तिच्या गळ्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"गळ्यातलं? अगं, पैसे अजून हातात पडले न्हाईत आन लगेच दागिना? आई, बघितलंस का! तोंड बंद हाय तरी हिचं मागनं काय थांबत न्हाई!"

बसम्मा खाटेवर खुदखुदली. शिवकन्येला वाटलं, डाळीचं सूप ह्याच्या डोक्यात उपडं करावं. तिनं दम धरला. पदर तोंडावर ओढून फक्त डोळे उघडे ठेवले, वाकून चोरपावलांनी त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या खिशात दोन बोटं घातली. अंगणवाडीतल्या पोरालाही हा चोर कळला असता. विरुपाक्ष मात्र दचकून मागं सरला.

"काय करायलीस? लाज वाटू दे, आई बसलीय समोर!"

आणि तो कार्ड चाचपत दुकानाकडं निघून गेला.

शिवकन्या सासूच्या खाटेजवळ गेली. बसम्मा कडक होती, पण नातीवर तिचा जीव होता. शिवकन्येनं दुकानाकडं हात केला, कपाळावर हात मारला, डोळ्यांत पाणी आणलं. ते आणावंही लागलं नाही, आपोआपच आलं.

"रुचिची आठवन हुतीय?" बसम्मा मायेनं म्हणाली. "यील फोन. पोरगी हुशार हाय."

मान हलवून काही उपयोग नव्हता. शिवकन्येनं पिठाच्या डब्यातली मूठभर कणिक आणून फरशीवर पसरली आणि बोटानं लिहायला लागली. 'चोर' एवढा शब्द झाला असता तरी पुष्कळ होतं. पहिलंच अक्षर उमटलं तेवढ्यात बसम्मानं खाटेवरूनच काठी लांबवून पीठ विस्कटलं.

"लिवायचं न्हाई म्हनलं ना! दोन सोमवार पाळलेस आन आता पोरीच्या ऐनवेळी घान करायलीस? जा, देवापुढं बस. चित्त ठिकान्यावर येतंय."

देवापुढं बसून चित्त ठिकाणावर येणार कसं? पुढच्या खोलीत नवरा पोरीचं शिक्षण फोनवरून वाटायला निघाला होता. मोबाइलच हिसकावून सरकीच्या पोत्यात खुपसावा, असं तिच्या मनात आलं. पण घरात मोबाइल तेवढा एकच आणि रुचिकाचा फोन त्याच्यावरच येणार होता. फेरीत नंबर लागला, कॉलेज पसंत आहे का, घेऊ का, हे पोरीला तिथल्या तिथं सांगावं लागणार होतं. फोन लपवला तर पोर तिकडं एकटी पडली असती.

एरवी दुकानात गडीमाणसं बसलेली असताना शिवकन्या पुढं जात नसे. आज गेली. गल्ल्यासमोर पोत्यावर सुग्रीव बसला होता, शेजारच्या वस्तीवरचा शेतकरी, पेंडीचं नेहमीचं गिऱ्हाईक. विरुपाक्षनं त्याला मेसेज आधीच दाखवला असावा, कारण तोही अदबीनं मांडीवर हात ठेवून बसला होता. मोबाइल कानाला लागलेला होता.

"हां साब, विरुपाक्ष बोलता हूं, सिरसाला से. हां, खाता हमारे मंडळी का हाय. वो? वो आज बात न्हाई करती साब. सोमवार का मौन हाय उनका."

पलीकडच्या माणसाचा आवाज स्वच्छ बाहेर ऐकू येत होता. "कोई बात नहीं सर. आप ही बताइए."

चोराला याहून सोयीचं घर कुठं मिळणार होतं? जिचे पैसे ती मुकी, आणि ज्याच्या हातात कार्ड तो बोलायला टपलेला. शिवकन्येनं कार्डावर झडप घातली. विरुपाक्षनं हात उंच केला आणि डोळे वटारले.

"वहिनी, जरा दमानं," सुग्रीव म्हणाला. "आप्पा सरकारी मानसाशी बोलायलेत."

विरुपाक्षनं कार्ड उजेडात धरून नंबर वाचला. चुकू नये म्हणून पुन्हा एकदा, सावकाश वाचला. मग तारीख. मग कार्ड उलटं करून मागचे आकडे. बँकेत पैसे काढायला गेल्यावर तो इतका कधी काळजीपूर्वक वागला नव्हता. तिनं त्याची बाही ओढली, गल्ल्यावर हात आपटला, मान हलवून हलवून तिच्या केसातलं बेलाचं पान खाली पडलं. "आज हिच्या अंगात काय आलंय कळंना," तो सुग्रीवला म्हणाला आणि फोनमध्ये म्हणाला, "न्हाई साब, आपको न्हाई."

पलीकडून सांगण्यात आलं, की आता मोबाइलवर एक मेसेज येईल, त्यातला नंबर तेवढा सांगा, झालं काम. इतक्यात फोनमधून टुकटुक आवाज आला. विरुपाक्षनं फोन कानापासून दूर करून पाहिला.

"रुचिचा फोन मधीच यायलाय. यिऊ दे, करील परत."

शिवकन्येला पुढचं सगळं दिसलं. विश्वेश्वरला आलेला तो शेवटचा नंबर हाच. तो सांगितला की संपलं. बोललं तर मौन मोडणार, आणि मौन काही तिनं गंमत म्हणून धरलं नव्हतं. तिचा त्याच्यावर खरा विश्वास होता. मोडलं आणि पोरीचा नंबर हुकला, तर जन्मभर स्वतःच्या जिभेला दोष देत बसावं लागलं असतं. न बोललं, तर नंबर लागून तरी करायचं काय, फी कशानं भरायची? तिला त्या क्षणी देवाची भीती वाटली आणि नवऱ्याचा संताप आला, आणि संताप वरचढ ठरला.

"देऊ नका त्याला! चोर हाय त्यो!"

सकाळपासून मिटलेला आवाज असा फाटून बाहेर पडला की तिचा तिलाच ओळखू येईना. सुग्रीव पोत्यावरून उठून उभा राहिला.

"मोडलंस!" आतून बसम्मानं टाहो फोडला. "शिवकन्ये, मोडलंस गं!"

"बोललीस?" विरुपाक्षला धक्काच बसला होता. "अगं, तू बोललीस? पोरीच्या नावाचं मौन हाय आन तुझ्याच्यानं एक दिवस दम निघाला न्हाई? कावून बोललीस?"

"मी काय बोलले ते ऐका! विश्वेश्वरला असंच लुटलं, तुमाला सांगितलं हुतं. त्यो नंबर देऊ नका, चोर हाय त्यो!"

"ते ऱ्हाऊ दे, मौन कावून मोडलंस त्येचं बोल आधी!"

"अरारा, वहिनी," सुग्रीव हळहळला. "संध्याकाळ हुयाला किती राह्यलं हुतं?"

ऐकायला तीन माणसं होती. ती बोलली, हे तिघांनाही ऐकू आलं. ती काय बोलली, ते एकालाही ऐकू आलं नाही.

मोबाइल वाजला. मेसेज आला होता. पलीकडचा आवाज घाई करायला लागला आणि विरुपाक्षनं, बायकोवरचा राग चेहऱ्यावर तसाच ठेवून, मेसेजवर नजर टाकली. "हां साब, आया. लिखो. सात..."

पुढचा आकडा त्याच्या तोंडातून निघायच्या आत शिवकन्येनं मोबाइल ओढून घेतला. मागचं झाकण नखानं उचकटलं, बॅटरी काढली आणि पदराला गाठ मारून बांधली. तो सावरायच्या आत दुसऱ्या हातानं कार्ड काढून घेतलं, चप्पल पायात सरकवली आणि दुकानाची पायरी उतरली.

"अगं, रुचिचा फोन येतोय त्याच्यावर!" विरुपाक्ष मागून ओरडला.

"आता आठवली व्हय रुचि!" ती मागं न बघता म्हणाली आणि बँकेच्या रस्त्याला लागली.

बँकेत त्या दिवशी नवे साहेब होते, नांदेडहून बदली होऊन आलेले. कपाळाला विभूती फासलेली, घामेजलेली बाई धाडधाड आत शिरली तेव्हा ते डबा आवरत होते. शिवकन्येनं उभ्याउभ्याच एका दमात सगळं सांगितलं. सांगताना तिचं तिलाच नवल वाटलं, कारण समोरचा माणूस मधे एकदाही तोंड न घालता ऐकत होता. ऐकून झाल्यावर साहेबांनी कार्ड घेतलं आणि ते कॉम्प्युटरकडं वळले.

"आत्ताच खरेदीचा प्रयत्न झालाय तुमच्या कार्डावर," ते म्हणाले. "मेसेजमधला नंबर मिळाला नाही म्हणून अडकला. पैसे आहेत तसे आहेत. कार्ड बंद करतो. नवं तुमच्याच हातात देऊ."

शिवकन्या खुर्चीत बसली.

एवढ्यात विरुपाक्ष धापा टाकत आला, मागं सुग्रीव. बायकोनं भर दुपारी, भर रस्त्यानं असा तमाशा केल्याबद्दल तो साहेबांची माफी मागायला लागला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

"अहो, आयकरवाले परताव्यासाठी कार्डाचा नंबर मागत नाहीत. आम्ही बँकवालेही मागत नाही. जो मागतो तो चोर. तुमच्या मिसेसमुळं वाचलात."

विरुपाक्ष ऐकता ऐकता मान डोलवायला लागला. आधी सावकाश, मग जोरात. "बराबर हाय साहेब, बराबर हाय." त्याचे डोळे मोठे झाले. आणि मग तो बायकोकडं वळला आणि मोठी बातमी द्यावी तसा तिला म्हणाला, "अगं, चोर हुता त्यो!"

शिवकन्या त्याच्याकडं बघत राहिली. हसावं, रडावं, की टेबलावरचं शाईचं पॅड उचलून त्याच्या तोंडावर मारावं, तिला ठरवता येईना.

"व्हय का?" ती म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मात्र तिचा बांध फुटला.

"मी काय म्हनलं हुतं तुमाला?"

"तू कवा म्हनलीस?"

"राखीहून आले त्या दिवशी, तुमी जेवत हुता. आन आत्ता दुकानात, गल्ल्यापुढं."

"दुकानात तर तू मौन मोडलंस."

"मोडलेलं ऐकू आलं, बोललेलं न्हाई आलं. इतकी वर्सं बोलत आले तुमच्या घरात, कान असून कुनाला काय ऐकू आलं न्हाई. त्या साहेबानं दोन वाक्यं सांगितली तर लगेच पटलं. त्येच्या तोंडातनं निघालं की खरं, आन माझ्या तोंडातनं निघालं की चटनी कुठंय!"

सुग्रीवला एकाएकी पेंड घरी न्यायची आठवण झाली आणि तो सटकला. विरुपाक्ष खाली बघत उभा राहिला. तो उगाच सदऱ्याचा रिकामा खिसा चाचपत होता.

तिनं पदराची गाठ सोडून बॅटरी बसवली. मोबाइल सुरू होतो न होतो तोच वाजला. विरुपाक्षनं झटकन घेतला, आणि चोराचाच नंबर बघून त्याला अचानक शौर्य चढलं.

"कोन हाय बे तू? ये की सिरसाळ्यात, पेंडीवानी कुटतो तुला!"

पलीकडून फोन बंद झाला. तो अजून शिव्या आठवत होता, पण मोबाइल शिवकन्येनं पुन्हा आपल्याकडं घेतला होता. "मेसेज पुसू नका. पोलिसात दाखवायचा हाय," ती म्हणाली. लगेच दुसरा फोन आला. तिच्या हातातल्या मोबाइलकडं तोंड वाकवून विरुपाक्षच ओरडला, "बोल बाई, रुचि!"

"पप्पा, किती वेळ लावायले! नंबर लागला! पहिलंच कॉलेज मिळालं, जे मागितलं हुतं ते. काका म्हनले घेऊन टाक, म्हनून घेतलं. उद्या डीडी पाहिजे." पोरगी तिकडं हसत होती. "आईला सांगा. तिचं मौन असंल ना आज?"

"मीच बोलायले, रुचि," शिवकन्या म्हणाली.

"आई? तू बोललीस?"

शिवकन्येनं डोळे मिटले. आता हीसुद्धा तेच विचारणार. "व्हय, मोडलं मी मौन."

"ते ऱ्हाऊ दे गं," रुचिका म्हणाली. "काय झालं ते सांग आधी. तू उगंच मोडनार न्हाईस."

शिवकन्या बँकेच्या पायरीवर मटकन बसली. सकाळपासून इतक्या जणांपुढं हात हलवले, पीठ पसरलं, ओरडली, आणि एवढं एक वाक्य ऐकायला तिला औरंगाबादहून फोन यावा लागला. तिला रडू आवरेना. नवरा शेजारी उभा आहे, येणारे-जाणारे बघतायत, कशाची पर्वा न करता ती रडली, आणि मग लेकीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोरीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या दिवशी डीडी निघाला आणि त्यासाठी लागणारी सही शिवकन्येनं केली. पुढं खात्याला लावलेला नंबरही तिनं बदलून घेतला. योगीराजनं परत आल्यावर आपला जुना मोबाइल वहिनीला देऊन टाकला होता, त्याचा नंबर लावला.

त्याच सोमवारी संध्याकाळी पूजा झाल्यावर बसम्मानं मात्र विषय काढलाच. नातीचा नंबर लागल्याचा आनंद तिला होता, पण व्रत म्हणजे व्रत. "चौथा सोमवार ऱ्हायलाय. मोडलेलं तसंच ठिवलं तर पोरीला बाधायचं. पुरं तर करावंच लागंल."

"करायचंच की," शिवकन्या शांतपणे म्हणाली. "तुमीच सांगता ना आत्याबाई, ज्याच्यामुळं मोडलं त्यानं पुरं करायचं."

बसम्मानं सुनेकडं पाहिलं, मग लेकाकडं. विरुपाक्ष हसला, कारण त्याला ही थट्टा वाटली. पण बसम्मा नियमाच्या बाबतीत थट्टा करणारी नव्हती. लेक असला म्हणून काय झालं? नियम तिनंच केला होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो मनावर घेतला होता.

चौथ्या सोमवारी सकाळची लिंगपूजा करून विरुपाक्ष मुकाट दुकानात जाऊन बसला. गावात बातमी आधीच पोचली होती. ज्यांना पेंड नको होती तीही माणसं भाव विचारून जायला लागली. सुग्रीव तर मुद्दाम येऊन सरकार कर परत करतंय का म्हणून विचारून गेला. विरुपाक्ष बोटांनी भाव सांगत होता आणि निम्म्या लोकांना तो कळत नव्हता. कळला तरी न कळल्यासारखं करत होते.

दुपारी त्याचा मोबाइल वाजला. मेसेज वाचून तो ताडकन उठला आणि स्वयंपाकघरात आला. शिवकन्या डाळ निवडत होती. त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला, दोन्ही हात जोरजोरात हलवले, आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला.

शिवकन्येनं मेसेजवर एक नजर टाकली.

"लॉटरी लागली म्हनं तुमाला. चोर हाय. कळलं मला. पुसू नका, मी बँकेत दाखवून येते."

विरुपाक्षचा हात गळ्यापाशीच राहिला. तो तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, आणि त्याचं तोंड उघडलं.

"विरुपाक्षा!" खाटेवरून बसम्मा कडाडली.

त्यानं तोंड मिटलं.

"पहिल्या खेपेलाच कसं कळलं, हेच विचारायचंय ना?" शिवकन्या सूप बाजूला ठेवत म्हणाली. "संध्याकाळी पूजा झाली की विचारा. मी ऐकते."

तिनं त्याच्या हातातला मोबाइल घेतला, पायात चप्पल घातली आणि बँकेकडं गेली.